दुस-या वाचनात

"मेल्या, नवाकोरा आहेस आणि पहिल्याच दिवशी दात दाखवलेस?"

हे ती संगणकाला म्हणाली होती. उत्तर मात्र टेबलाखालून आलं, तेही तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं.

"मला म्हणालात का?"

ती दचकून मागे सरकली. खाली वाकून पाहते तो वायरींच्या गुंत्यात एक माणूस उताणा पडलेला, ओठांत पेचकस आणि कपाळावर धुळीची रेघ. त्यानं पेचकस काढला आणि फार अदबीनं विनंती केली की पाय उचलले तर बरं होईल, कारण मघापासून ती ज्यावर आरामात पाय ठेवून बसली आहे ते खोकं नसून त्याची पिशवी आहे, आणि पिशवीत त्याचा डबा आहे.

तिनं पाय उचलले. कानापर्यंत लाल झाली. पण बोलली ती वेगळंच.

"डबा टेबलाखाली ठेवतं का कोणी?"

"माणूसही ठेवत नाही सहसा," तो म्हणाला आणि पुन्हा वायरींत शिरला.

छापखाना तिच्या आत्याचा. समोर काचेचं दार, आत लांबच लांब खोली, एका अंगाला यंत्र, दुसऱ्या अंगाला कागदाचे गठ्ठे, आणि खिडकीशी ही अक्षरजुळणीची जागा. शाळेत असल्यापासून सुट्टीत ती इथे येऊन बसायची. आत्याची मुलं तिला ताई म्हणत, ते ऐकून बाइंडर म्हणू लागला, मग यंत्र चालवणारे काका, मग कागद पोचवणारा. तिच्या बापाच्या वयाची माणसंही ताईच म्हणत. टाईप करण्यात तिचा हात असा बसलेला, की बोलता बोलता पान उतरायचं आणि बोलणं तुटायचं नाही.

त्या काळी असे संगणक असत की त्यांची पाठ पेटाऱ्याएवढी फुगलेली असायची. आत्याचा जुना संगणक त्यातलाच. तो अखेर धापा टाकायला लागला, तेव्हा आत्यानं मनाचा हिय्या करून नवी व्यवस्था मागवली. सपाट पडद्याचा संगणक आला, नवा फाँट आला, आणि सगळं जागेवर बसवून द्यायला कंपनीचा हा माणूस आला. जुनं धूड कोपऱ्यातल्या स्टुलावर गेलं. टाकून द्यायला आत्याचा जीव होईना.

घाई होती, कारण लेखिकाबाईंच्या सगळ्या जुन्या गोष्टी नव्यानं छापायच्या होत्या. लेखिकाबाई म्हणजे एके काळी मुली ज्यांची पुस्तकं उशीखाली ठेवून झोपत त्या. वय झालं होतं, पण आवाज खणखणीत. आपली सगळी पुस्तकं एका मापाची, एका रंगाची, एका फळीवर उभी बघायची, एवढी एकच इच्छा त्यांनी आत्याला सांगून ठेवली होती. या पुस्तकांच्या फायली ताईनंच मागे कधीतरी तयार केल्या होत्या. नव्या संगणकावर त्यांतली पहिली उघडली आणि पडद्यावर आलं ते वाचून तिनं तो मेल्या शब्द काढला होता.

अक्षरं सगळी होती, पण जागेवर नव्हती. रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर चढून बसलेला, पहिली वेलांटी मागे राहिलेली. कंपनीच्या माणसानं दुपारपर्यंत खटपट करून ते ताळ्यावर आणलं. मग दोघांनी पान वाचलं. वाचलं, आणि एकमेकांकडे पाहिलं.

'तिच्या चेह-यावर दुस-या कुणाचं नाव नव्हतं. वा-यानं केस उडत होते.'

हे काय, असं त्यानं विचारलं. हे ऱ्या, असं तिनं सांगितलं. मग ते असं का दिसतं, असं त्यानं विचारलं आणि तिथून जुंपली.

झालं होतं असं. जुन्या फाँटमध्ये ऱ्या होता, पण छापून आला की चिरडलेल्या माशीसारखा दिसायचा. ताईला ते बघवेना. तिनं आपली युक्ती काढली होती. ऱ्याच्या जागी एक छोटी रेघ द्यायची, पुढे या, आणि मधलं अंतर दाबून टाकायचं. कागदावर अगदी देखणा ऱ्या उमटायचा. नव्या फाँटला या युक्तीची काय कल्पना? त्याला रेघ दिसली, त्यानं रेघच दाखवली.

"म्हणजे ही चूक तुमचीच," तो म्हणाला.

"चूक नाही. सोय."

"सोयीनं केलेली चूक."

"तुमच्या संगणकाला डोळे नाहीत त्याला मी काय करू, अं?"

सगळ्या छोट्या रेघा एकदम बदलून टाकता आल्या असत्या. पण लेखिकाबाईंच्या गोष्टी म्हणजे रेघांचं रान होतं. नायिका लाजली की रेघ, नायक थबकला की रेघ, चहा सांडला की रेघ, पत्र आलं नाही की दोन रेघा. आणि ताईनं त्याही जागा वाचवायला घट्ट दाबून टाकलेल्या. 'थांब-या वळणावर मला भीती वाटते.' इथे ऱ्या केला तर नायिकेचं हसं व्हायचं. कुठली रेघ लाजेची आणि कुठली अक्षराची, हे संगणकाला कळत नव्हतं. छापील पुस्तकात पाहावं तर तिथेही ताईचीच युक्ती.

शेवटी त्यानं मान खाजवत आत्याला सांगितलं की वाचावं लागेल. सगळंच. जोडीनं.

छापखान्यात प्रुफं जोडीनंच वाचतात. एकानं मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं डोळे लावून बसायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं म्हणजे स्वल्पविरामासकट म्हणायचं. आत्याचे नेहमीचे प्रूफवाचक पायाला प्लॅस्टर घालून घरी पडले होते. तेव्हा ताईनं म्हणायचं आणि कंपनीच्या माणसानं पडद्यावर दुरुस्त करायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी दोन खुर्च्या आल्या. ती पुस्तक धरून बसे, तो कीबोर्डवर हात ठेवून.

"अवतरण सुरू," ती म्हणे, "तुमच्यावाचून, रेघ, मला, रेघ, एक क्षणही करमत नाही, पूर्णविराम, अवतरण बंद."

हे सगळं ती किराणा सांगावा तशा आवाजात म्हणे. पलीकडे बाइंडर सुई ओवता ओवता खाली मान घालून हसे. चार पानं झाली आणि कंपनीच्या माणसाला राहवलं नाही. नायिका इतकी कोरडी बोलली तर नायक पळून जाईल, असं तो म्हणाला. पळाला तर पळाला, प्रकरण लवकर संपेल, असं तिनं ठणकावलं. पण त्यानंतर वाचताना तिचा आवाज किंचित जपून येऊ लागला, हे तिचं तिलाच कळलं आणि तिनं मुद्दाम दोन पानं जास्तच कोरडी वाचली.

शेजारी शेजारी बसलेल्या माणसांना एक अडचण असते. बघायचं तर मान वळवावी लागते, आणि मान वळली की उघड होतं. पण कोपऱ्यातल्या स्टुलावर जुना संगणक होता. त्याच्या विझलेल्या, फुगीर काचेत खिडकी दिसायची आणि खिडकीपुढे दोन डोकी. पान उलटताना ती तिकडे बघे. एकदा बघितलं तर काचेतला तोही तिकडेच बघत होता. तिनं चटकन पुढची ओळ धरली ती नेमकी चुकीची. 'दिवा मालवला' असं वाचायच्या जागी ती 'दिवा मावळला' असं वाचून गेली. त्यानंही पडद्यावरचं बदलून तसंच केलं. दोघांपैकी कुणालाच पत्ता नाही.

मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की त्यानं आपल्याला बऱ्याच दिवसांत ताई म्हटलेलं नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांचं ऐकून तोही म्हणाला होता. ताई, हे बघा. ताई, जरा माउस द्या. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता तो नुसतं 'ऐकता का' म्हणायचा, किंवा 'हं, पुढे', किंवा काहीच न म्हणता वाट बघायचा. पण त्या दिवशी आत्यासमोर त्याच्या तोंडून सवयीनं 'ताईंना विचारतो' असं निघालं आणि उंबऱ्याला ठेच लागावी तसा तो अडखळला. आत्यानं चष्म्यावरून बघितलं. तो बाहेर गेल्यावर भाचीला म्हणाली, "काय गं, संगणक दुरुस्त होतोय, की दुरुस्त करणारा बिघडतोय?"

भाचीनं कागदाचे गठ्ठे उगाच सरळ केले.

त्यांचं खरं भांडण झालं ते एका रेघेवरून. गोष्टीतला नायक निघून गेलेला असतो आणि मैत्रीण नायिकेची समजूत घालते. फायलीत होतं, 'गेला तो-यात तुझा काय दोष?' तिनं वाचलं, गेला तो, रेघ, यात तुझा काय दोष. त्यानं हात उचलला आणि म्हणाला की इथे ऱ्या आहे. गेला तोऱ्यात. म्हणजे ऐटीत गेला, तुझा काय दोष? तिनं पुन्हा वाचलं. वाचावं तसं ते दोन्ही बाजूंनी खरं वाटायला लागलं, आणि ज्याला आपलंच खरं वाटतं तो माघार घेत नसतो. तो म्हणाला, पुरुष असा तोऱ्यातच जातो. ती म्हणाली, तुम्हालाच माहीत असणार. दुपारचा चहा दोघांनी वेगवेगळ्या खिडक्यांशी घेतला.

शेवटी आत्यानं लेखिकाबाईंना फोन लावून दिला. बाईंनी दोघांचं म्हणणं शांतपणे ऐकलं. आपल्याला काही आठवत नाही, असं कबूल केलं. मग विचारलं की भांडणारी ही दोघं कोण. आत्यानं सांगितलं. फोनमधून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं.

"रेघ घाला," त्या म्हणाल्या. "तोऱ्यात चालणारा माणूस मी जन्मात लिहिला नाही. मला तसली माणसं आवडत नाहीत. आणि त्या मुलाला सांगा, हरला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस."

त्यानं खरंच वाईट वाटून घेतलं नाही. रेघ घातली, कीबोर्ड सरकवला आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळीभाजी तिच्यापुढे ठेवली. पाय ठेवून बसलात तरी चालेल, म्हणाला.

दिवस असे जात होते आणि त्याबरोबर फळीवरची पुस्तकं उजवीकडून डावीकडे सरकत होती. डावीकडे वाचलेली, उजवीकडे राहिलेली. उजवीकडचा ढीग उतरताना बघून आत्या खूश होती. ताई नव्हती. काम संपलं की तो जाणार, हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. पलीकडच्या शहरात एका मोठ्या कचेरीत असलीच नवी व्यवस्था बसवायची होती, आणि तिथला मुक्काम लांबणार होता. सावकाश वाचावं असं तिनं पुष्कळदा ठरवलं. पण बसली की जीभ आपली सुटायचीच. आळस करायचा तिला सरावच नव्हता.

पहिलं वाचन झालेल्या पुस्तकांचं मग दुसरं वाचन सुरू झालं. त्यात दोघांची कामं आपसात बदलतात, म्हणजे डोळे ताजे राहतात. आता तो म्हणायचा आणि ती पडद्याकडे बघायची. बाहेर पावसाची भुरभुर लागली होती. खिडकीच्या पत्र्यावर थेंब मोजून मापून पडावेत तसे पडत होते. तो वाचत होता, तिची नजर ओळीवरून पळत होती.

"अवतरण सुरू," तो म्हणाला. "तुम्ही वाचता तेव्हा मला वाटतं की, रेघ, पान उलटूच नये, पूर्णविराम. अवतरण बंद."

तिनं पडद्यावर बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं.

"कुठे आहे हे? ओळ गळली वाटतं."

त्यानं खाकरून सांगितलं की आपलीच नजर चुकली, खालची ओळ वरती वाचली. आणि पुढचा परिच्छेद धडाधड वाचायला लागला.

तो गेल्यावर तिनं ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं. खालची ओळ तशी नव्हती. वरचीही नव्हती. मग पुढचं प्रकरण वाचलं. तिथेही नाही. लेखिकाबाईंच्या एकाही नायकाला कधी पान उलटण्याची भीती वाटलेली नव्हती. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले. उद्या विचारू, असं तिनं ठरवलं. उद्या आला, परवा आला. तिनं विचारलं नाही. अर्धवट बोलून माघार घेतली ती त्यानं, तेव्हा पुरं करायचं तेही त्यानंच, असा एक हट्ट तिच्या मनात घर करून बसला. तो मात्र त्या दिवसानंतर छापलेलं तेवढंच वाचू लागला.

आणि मग त्याच्या साहेबांचा फोन आला.

साहेबांना कळेना की एका छापखान्यात हा इतके दिवस करतोय काय. त्यांनी फोनवरच उपाय सांगितला. जिथे जिथे ऱ्या येतो असे शब्द संगणकाला शिकवून ठेवायचे. दुसऱ्या, साऱ्या, वाऱ्या, चेहऱ्या. ते दिसले की तेवढेच बदलायचे, बाकी रेघा राहू द्यायच्या. आत्या शेजारीच उभी होती, तिनंही ऐकलं. त्याला नाही म्हणायला जागाच उरली नाही. दुपारी जेवणं झाल्यावर तो बसला आणि चहाच्या वेळेपर्यंत उजवीकडचा सगळा ढीग निकालात निघाला.

आत्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. ताई जागची हलली नाही. आत्या आत गेल्यावर तिनं विचारलं, "हे तुम्हाला आधी सुचलं नव्हतं?"

तो वायर गुंडाळत होता. गुंडाळलेली त्यानं सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"सुचलं होतं."

"कधी?"

"पहिलं पुस्तक चालू होतं तेव्हाच."

"मग ते सगळं लाजिरवाणं मी मोठ्यानं कशासाठी वाचत होते?"

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

बोलला खरा, पण मान खाली घालून, वायरीशी बोलावं तसा. तिला राग आला. सुचूनही सांगितलं नाही याचा आला, आणि आता सांगितलं तेही वायरीला याचा त्याहून जास्त आला. तिनं पर्स उचलली, पुन्हा ठेवली आणि पाठ फिरवून पडद्यासमोर बसली. संध्याकाळच्या बसचं त्याचं तिकीट काढलेलं होतं. आत्यानं आतून फराळाचं बांधून दिलं, बाइंडरनं हात हातात घेतला, यंत्रवाल्या काकांनी दारापर्यंत सोडलं. ताई नुसतं 'बरं' म्हणाली, तेही न वळता. दार उघडलं, बंद झालं.

समोर साहेबांच्या उपायानं साफ झालेलं शेवटचं पुस्तक होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण सवय म्हणून ते ओळीवरून फिरत होते. आणि एका ओळीवर अडले.

'वाऱ्या चेहऱ्यावर इतका राग शोभतो का?'

मूळ होतं, वा, रेघ, या चेहऱ्यावर. संगणकानं आपला शिकलेला शब्द बघून वा आणि या यांचा वारा करून टाकला होता. त्याला परत बोलवायला तिला निमित्त सापडलं होतं. अजून तो बसथांब्यापर्यंतही पोचला नसेल. चूक राहिलीय, परत या, एवढं म्हटलं की तो धावत येणार, खुर्ची ओढून बसणार, पुन्हा उजवीकडे ढीग लागणार. कुणालाच काही बोलावं लागणार नाही.

तिनं रेघ घातली. चूक दुरुस्त केली. फाईल जपून ठेवली. मग चपला पायांत सरकवल्या आणि आत्याला काही न सांगता बाहेर पडली. आत्यानंही काही विचारलं नाही.

थांब्यावर चार माणसं होती आणि तो एका खांबाला टेकून उभा. तिला बघून सरळ झाला. चेहऱ्यावर आधी भीती, मग घाई.

"काय झालं? काही बिघडलं का?"

"एका ठिकाणी चूक होती. मी केली दुरुस्त."

"मग... अजून आहेत का? मी येतो, पुढच्या बसनं जाईन."

"असतील तर मी बघेन. त्यासाठी नाही आले." तिला धाप लागली होती, पण आता थांबली तर जन्मभर थांबावं लागेल हे तिला कळत होतं. "तुम्ही जाऊ नये असं वाटतं. जावं लागेल ते माहीत आहे. तरी वाटतं. हे सांगायला आले."

तो बघतच राहिला. इतके दिवस काचेतून चोरून बघणारा माणूस, आता समोरासमोर बघताना त्याला पापणी लववायचंही सुचेना.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. या वेळी मान वर होती. "मी हे फार वाईट तऱ्हेनं सांगत आलो."

"सांगत कुठे होतात? चोरत होतात."

"हो. भित्रा आहे मी जरा."

"जरा?"

दोघंही हसली. शेजारच्या पिशवीवाल्या बाईंनी सौजन्यानं दुसरीकडे तोंड केलं, पण कान तिथेच ठेवले. मग त्यानं विचारलं की आता पुढे काय. तिनं सांगितलं की आई रविवारी घरी असते. आईला काय सांगायचं, हे त्यानं घाबरत विचारलं. ते मी बघते, तुम्ही नुसते या, आणि येताना केस विंचरून या, असं तिनं बजावलं. तिनं हात पुढे करून त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. धूळ गेली तरी हात तिथेच राहिला.

बस येऊन उभी राहिली. माणसं चढली. पिशवीवाल्या बाई चढल्या आणि खिडकीशी जागा धरून पुन्हा बघू लागल्या. तो मात्र जागचा हलेना.

कंडक्टरनं दारातून डोकं बाहेर काढलं. "साहेब, येताय का राहताय?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं बाहीवरचा हात काढून घेतला, त्याची पिशवी उचलून त्याच्या खांद्याला अडकवली आणि कंडक्टरला म्हणाली, "येतायत ते. पण रविवारी परत आणून सोडा."

कंडक्टरनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मान हलवून घंटी मारली.